दस्तीवरची लाल रेघ

मंडळी, आज डोकं लई तापलंय.

माझ्या पोरीनं मामाच्या लग्नावर निबंध लिहिला. त्यात लिहिलं, 'पाहुण्यांना टोपी-दस्तीचा आहेर केला.' शाळेतल्या बाईंनी दस्तीवर लाल रेघ ओढली अन् शेजारी लिहिलं, 'शुद्ध मराठी शब्द: रुमाल.'

अहो बाई, दोन्ही शब्द फारसीतूनच आलेत! तिकडं दस्त म्हणजे हात, रू म्हणजे चेहरा. आमच्या अहमदपुरात हात-तोंड पुसायची ती दस्ती अन् डोक्याला बांधायचा तो रुमाल. मग एक शुद्ध, दुसरा अशुद्ध, हे ठरवलं कुणी?

संध्याकाळी जेवण झाल्यावर माझ्या वडिलांनी दस्ती मागितली. पोरगी म्हणाली, "आबा, दस्ती म्हणू नका, ते चूक हाय."

आबांनी सदऱ्याच्या बाहीलाच तोंड पुसलं.

बाई, ती रेघ नेमकी कुणावर ओढली तुम्ही?