गाठोड्यातला शर्ट

किल्लारी असो की भूज, रेडिओवर मेलेल्यांचा आकडा वाढू लागला की हिंगणघाटचा आमचा हा शेजारी हातगाडी घेऊन जुने कपडे गोळा करायला निघायचा. एकेक कपडा उजेडात धरून बघायचा. “फाटकं नका देऊ भाऊ, त्यायचं सारंच गेलं.” चांगलेचुंगले वेगळे काढून हा विकत असणार, असा मला दाट संशय होता.

त्सुनामीच्या वेळी बायकोनं त्याला गाठोडं बांधून दिलं. महिन्याभरात त्यातला माझा शर्ट त्याच्याच अंगावर! मी सरळ त्याची कॉलर उलटली. आत आमच्या धोब्याची खूण होती.

“फाटका निघाला तुमचा. त्याच्या बदल्यात माहा चांगला धाडला,” म्हणत त्यानं पाठ फिरवली. पाठीवर ठिगळ होतं.

तो आमच्याकडेच फाटला होता का, हे मी बायकोला अजून विचारलेलं नाही.