घरी येणारी ग्रामसभा

मी दुसरीपर्यंत शिकलो. पण एक खेप पंचायतीचा मेंबर होतो, त्यामुळे तामसीकडच्या आमच्या गावात पंचायतीचं मला विचारावं, असं माझं मत आहे. नातीने तेच केलं.

नात सरकारी शाळेत आठवीला. सामाजिक शास्त्राच्या सरांनी काम दिलं होतं: ग्रामसभा कशी होते ते घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, पाच पानं लिहा, त्याची सही आणा. मार्क दहा.

मी सांगितलं, "पंचायतीचा सेक्रेटरी गाडीवर रजिस्टर घेऊन घरी येते. आपण सही करतो. तो चहा घेते. सभा झाली."

"आन् लोक काय विचारतात, आबा?"

"साखर कमी झाली का, ते."

तिने लिहिलं, मी सही केली.

दुसऱ्या दिवशी सर घरी आले. "काका, वही वर तपासाले जाते. पुस्तकात आहे तसं लिहू द्या."

"खोटं काय आहे त्याच्यात?"

"काहीच नाही. तेच तर म्हणून राह्यलो."

मी म्हटलं, सही केलेलं मी बदलत नसतो. सर गेले. नात रडायला लागली. "तुमची सही राह्यते, आबा, माह्ये मार्क जातात!" ती दरवर्षी वर्गात पहिली येते.

त्याच आठवड्यात रजिस्टर आलं. मी सेक्रेटरीला म्हटलं, सही हापिसात करीन.

"काऊन, मेंबर? घरात दूध नाही का?"

मी नातीला घेऊन पंचायतीच्या हापिसापुढं जाऊन बसलो. सेक्रेटरीला कुलूप उघडावं लागलं. भांडण आहे असं समजून वीसेक लोक जमले. नात प्रश्न विचारायला उठली तर सेक्रेटरी म्हणाला, "पोरी, तुले मत नाही. इथं मतदारच विचारते."

मग तिने माझ्या कानात सांगितलं आणि मला सगळ्यांपुढं मोठ्यानं विचारावं लागलं, "शाळेत पोरींच्या संडासाले दार काऊन नाही?"

कोणी हसलं नाही. सेक्रेटरीने लिहून घेतलं. दार अजून यायचं आहे.

नातीने हे सहाव्या पानावर लिहिलं, मी खाली पुन्हा सही केली. सरांनी नऊ मार्क दिले. एक कुठं गेला ते विचारायला मी शाळेत गेलो.

"पानं पाचच पाहिजे होती, काका."

नियम असेल तर माझी हरकत नाही. नात मात्र त्या एका मार्कासाठी अजून भांडते आहे.