अप्पांचं इष्टलिंग

अंगारा विचारणाऱ्याच्या हातात ओआरएसची पुडी ठेवणारा मी माणूस. गावात माझं मेडिकल आहे. असल्या गोष्टींवर मी आयुष्यभर हसलो, त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते... पण आता पोटात ठेववत नाही.

गेल्या श्रावणात अप्पांना – माझ्या वडिलांना – नळदुर्गचा किल्ला दाखवायला नेलं. बोरी नदी भरली की तिथल्या बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात. बंधाऱ्याच्या पोटातल्या पाणी महालाच्या खिडकीतून समोर नुसतं पांढरं पाणी दिसतं. अप्पा वाकून बघत होते. तेवढ्यात त्यांच्या गळ्यातला दोरा तुटला आणि इष्टलिंग चांदीच्या डबीसकट खाली फेसात गेलं. जाताना आम्ही दोघांनीही पाहिलं.

आम्ही लिंगायत. लिंगपूजेशिवाय अप्पांनी कधी घास तोंडात घातला नाही. दोरा विरलाय, सोलापूरहून नवा आण, असं अव्वा – म्हणजे आई – महिनाभर मला सांगत होती. मी आज-उद्या करत राहिलो. हे पाप माझंच.

आमचे गुरू, मठाचे स्वामी, घरी येऊन म्हणाले, नवं लिंग धारण करा. अप्पा ऐकेनात. सलाईनही लावू देईनात.

"लिंग पाण्यात अन् म्या जेवू व्हय?" एवढंच बोलले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा किल्ल्यावर गेलो. काय मिळणार होतं? तरी गेलो. खिडकीच्या दगडावर डबी होती... उघडी. सगळीकडे तुषार, भिंती गळत होत्या – आणि लिंगावर कोरड्या भस्माच्या तीन रेघा, वर बेलाचं ताजं पान. पहारेकरी म्हणाला, कुलूप आत्ताच काढलंय, तुमच्याआधी आत कुणी गेलेलं नाही.

गाडी कशी चालवली आठवत नाही. घरापुढे माणसं जमली होती.

अव्वानं सांगितलं ते असं: सकाळी अप्पा आपणहून उठले. आंघोळ करून, पूजेला लिंग ज्यावर ठेवायचे तो डावा तळहात पुढे धरला आणि रिकाम्या हातावरच पूजा केली. भस्म लावलं, बेल वाहिला. मग अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, आडवे झाले आणि गेले. नंतर तिनं हात पाहिला, तर त्यावर भस्म नव्हतं, पानही नव्हतं.

माती देताना लिंग त्यांच्या हातात ठेवलं. ते खिडकीत कसं आलं, पूजा कुणी केली, मला अजून ठाऊक नाही. अव्वाला विचारलं की ती म्हणते, "उपाशी न्हाय गेले. बास झालं."

मला मात्र ते बास होत नाही.