पाचव्या मजल्यावरची ब्रँडी

हळूचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. आमची गाडी सहाला निघायची. मधला वेळ कशाला लागतो, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "मी चारला उठतो. गुडघे साडेपाचला उठतात."

आम्ही लोकांचं घरसामान हलवायचो. कपाटं, पलंग, फ्रीज, क्वचित एखादा पियानो. त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं. जिन्यात त्याच्या तोंडून एकच शब्द निघायचा, "हळू." म्हणून तो हळू. मुकादमसुद्धा ओरडायचा, "हळू, लवकर ये."

कामाला चोख माणूस. उचललेलं ओझं तो मध्येच कधी टेकवत नसे. आणि ओझं जागेवर बसलं की वरून एक सणसणीत थाप मारायचा. ही थाप आमच्या धंद्यात सगळेच मारतात. थाप पडली की आपलं काम संपलं, आता ते कपाट मालकाचं. थाप न मारता कोणी चहाला वळला, तर त्याला परत पाठवत असू.

एकदा एका म्हाताऱ्या वकिलाचं घर हलवत होतो. कपाटाच्या तळाशी एक बाटली निघाली. फ्रान्सची ब्रँडी, वकिलाच्या पणजोबांच्या वेळची. वकील सांगू लागला, ही जहाजातून आली, मग घोडागाडीतून, मग आगगाडीतून, आणि आमच्या घराण्यानं घरं बदलली ती वेगळीच. हळू पुस्तकांचं खोकं खांद्यावर घेऊन तसाच ऐकत उभा.

"आणि कोणी पाडली नाही?"

"नाही."

"कोण माणसं होती ती?"

ते वकिलाला कुठून माहीत असणार? तो बक्षीस द्यायला पाकीट काढू लागला. हळूनं बाटली मागितली. वकिलाचं पिणं डॉक्टरनं बंद केलेलं होतं. त्यानं देऊन टाकली.

तिथून वेड लागलं. हळू स्वतः चहापलीकडे काही पीत नसे. आत काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. काचेची वस्तू इतक्या जिन्यांवरून, इतक्या हातांतून अख्खी आली, हेच त्याला पुरे. बाटली हातात घेऊन तो म्हणायचा, "काय माणसं असतील." जादा पाळीचे पैसे, सुट्टीच्या दिवसाची मजुरी, सगळं त्यात. जुन्या सामानाच्या लिलावांत जाऊन बसायचा. दारूच्या दुकानदारानं सांगितलं होतं की ब्रँडी उभीच ठेवायची, आडवी ठेवली तर ती बूच खाते. म्हणून खोलीत भिंतीला एक फळी ठोकली आणि तिच्यावर बाटल्या रांगेत उभ्या केल्या. वहिनी, म्हणजे हळूची बायको, ती फळी कधी पुसत नसत. "माझा धक्का लागला तर हे आठवडाभर जेवायचे नाहीत," म्हणायच्या.

वहिनींना हवं होतं वॉशिंग मशीन. हळू निवृत्त झाला, हातात एकरकमी पैसे आले, आणि त्याच आठवड्यात लिलावात एक बाटली निघाली. फळीवरच्या सगळ्यांपेक्षा जुनी. मी आणि खांब (आमच्यातला सगळ्यांत उंच गडी) त्या दिवशी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. भांडण आमच्या देखत झालं.

"चादर पिळताना माझं मनगट वाजतं," वहिनी म्हणाल्या.

"माझे गुडघे ऐक."

"गुडघ्यांना ब्रँडी चोळणार आहात का?"

हळू फळीकडे बघू लागला. वहिनींनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "आणा. पण या दोघांच्या देखत सांगते. तुमच्या हातून एक जरी बाटली फुटली, तर सगळ्या विकायच्या आणि मशीन आणायचं."

"माझ्या हातून?" हळू म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं हसला.

बाटली पाचव्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत चढवायला आम्हाला बोलावलं. वहिनींचा भाऊही आला. हा मेहुणा विमा कचेरीत कारकून, त्यानं आयुष्यात फाइलीपेक्षा जड काही उचललेलं नव्हतं. हळूनं लाकडी खोकं आणलं होतं, भिंतीवरचं मोठं घड्याळ मावेल असं. आत घोंगडी, घोंगडीत बाटली, खोक्याला चारही बाजूंनी पट्टे. एका बाटलीला चार माणसं. मी पियानो याहून कमी तयारीनं नेले आहेत.

"दाजी, मी खिशात घालून आणली असती," मेहुणा म्हणाला.

"याला मागच्या बाजूला घ्या," हळू मला म्हणाला. "आणि बोलू देऊ नका."

दुसऱ्या मजल्यावर एक शेजारीण भिंतीला चिकटून उभी राहिली. "पियानो का?"

"बाटली," खांब म्हणाला.

"काय आहे तिच्यात?"

"हळू," हळू म्हणाला. तिला त्यातून काय कळलं, ते तिलाच ठाऊक.

वळणावर खांब सवयीनं ओरडला, "पाय सांभाळा, पाय आत घ्या." बाटलीला पाय नसतात हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. आम्ही खोकं तिरकं करून आत घेतलं.

चौथ्या मजल्यावर हळूचा गुडघा अडकला. ना वर, ना खाली.

"टेकवा क्षणभर," मी म्हणालो.

"मध्ये टेकवत नाही."

वहिनी वरून बघत होत्या. स्टूल घेऊन खाली आल्या, त्याच्या मागे सरकवलं. तो बसला, खोकं मांडीवर. पट्टे आमच्या गळ्यात, त्यामुळे आम्ही तिघं त्याच्याभोवती ओणवे. वहिनींनी त्याला बशीनं चहा पाजला. आम्हाला विचारलंही नाही.

"विम्यात हे बसत नाही," मेहुणा जमिनीकडे बघत म्हणाला.

शेवटी गुडघा सुटला. पाचवा मजला आला. हळूनं घोंगडी उलगडली, बाटली दोन्ही हातांनी उचलली आणि फळीवर मधोमध ठेवली. जागच्या जागी. सगळ्यांनी श्वास सोडला. हळू एक पाऊल मागे आला, पुन्हा पुढे गेला आणि वरून सणसणीत थाप मारली.

तोंडावरच्या लाखेचा भुगा झाला. बूच आत गेलं.

बूच ब्रँडीवर तरंगत होतं. हळू स्वतःच्या तळहाताकडे बघत होता. त्याचं तोंड बघून वहिनीच आधी बोलल्या, "फुटली नाही हो."

"फुटली नाहीच," मी म्हणालो.

दुसरं बूच शोधलं, बसेना. वारा लागून वाया जाईल, असं मेहुण्याचं मत पडलं. मग वहिनींनी चहाचे कप मांडले आणि बुचाचा चुरा आला म्हणून ब्रँडी चहाच्या गाळणीतून गाळली. इतक्या वर्षांत बरीचशी उडूनच गेली होती. प्रत्येकाला अर्धा अर्धा कप आला. हळूनंही घेतला.

"जुनं कपाट," खांब म्हणाला.

खरंच तसंच होतं. पिढ्यान्‌पिढ्या न हललेलं कपाट रिकामं करताना आतून जो वास येतो, तो. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मेहुण्यानं त्यात मनुके आहेत म्हणून सांगितलं, पण त्यानं कपाट कधी रिकामं केलेलं नाही. वहिनींनी आपला कप संपवला, हळूचा उरलेलाही संपवला आणि मनगट फिरवून पाहिलं. "वाजत नाही," म्हणाल्या. "राहू दे ते मशीन."

"नाही," हळू म्हणाला. "विकतो सगळ्या."

"अहो, फुटली नाही. मी म्हणते ना."

"सामान निघालं तसं पोचलं पाहिजे. झाकण आत गेलं पण डबा शाबूत आहे, असं मालकाला सांगतो का आपण? भरपाई देतो." त्यानं कप खाली ठेवला. "त्या सगळ्यांनी नीट आणली. मी शेवटचा."

वहिनींनी कप गोळा केले.

एका हॉटेलवाल्यानं फळी रिकामी केली. बाटल्या हळूनंच खाली नेल्या. शेवटचं खोकं गाडीत बसल्यावर त्याचा हात वर गेला. खांबानं तो वरच्या वर धरला.

त्या पैशांतून मशीन आलं. आम्ही चौघांनीच चढवलं, मध्ये कुठेही न टेकवता. मोरीत जागेवर बसवलं. सगळे हळूकडे बघू लागले. तो हात मागे बांधून उभा.

"मारा," वहिनी म्हणाल्या.

त्यानं थाप मारली. मशीनला काही झालं नाही.

रिकामी बाटली अजून फळीवर आहे. भिंतीपलीकडेच मोरी. मशीन चादरी पिळायला लागलं की भिंत थरथरते, आणि ते थांबेपर्यंत हळू ती बाटली दोन्ही हातांनी धरून उभा राहतो.