जिवंत माणसाचा दुखवटा

चहा आधी पिऊन घ्या बाबांनो. मी आता जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही हसाल, आणि मी नेहमीसारखा तोंड पाडून बसेन. माणसं परदेशात जाऊन काय काय घेऊन येतात! कुणी पदवी आणतं, कुणी चॉकलेटं आणतं. मी जर्मनीत जाऊन एका धडधाकट माणसाला मारून आलो.

मारून म्हणजे तसं नव्हे हो! तोंडानं मारलं.

माझं तोंड तुम्हाला ठाऊकच आहे. मी भूगोल शिकवतो, पण भूगोलासाठी मला लातुरात कोण ओळखतं? नांदेडपर्यंत कुठंही कुणी गेलं, की शोकसभेला मला बोलावणं ठरलेलं. गेलेल्या माणसाला मी पाहिलेलं नसलं तरी अडत नाही. डोळे मिटायचे, आवाज खाली आणायचा, 'आज शब्द मुके झाले आहेत' म्हणायचं आणि पुढं पाऊण तास बोलायचं. एकदा सुरू झालो की मध्ये कुणी तोंड उघडलेलं मला खपत नाही. वर्गात नाही, घरात नाही. बायको म्हणते, "तुमच्या तोंडून चार चांगले शब्द ऐकायचे तर आधी मरावं लागतं."

तर झालं काय, आमच्या कॉलेजचा आणि तिथल्या एका लहानशा विद्यापीठाचा करार झाला. दोन आठवड्यांचा कोर्स, माती आणि पाणी या विषयावर. आपला एक प्राध्यापक पोरांना घेऊन जाणार, तिथं चार व्याख्यानं, चार शेतं, दोन धरणं, आणि परत. पोरं अकरा. प्राध्यापक मी.

तिथले प्रोफेसर होते हान्स. मागं ते लातूरला येऊन गेले होते. आमच्या काळ्या मातीचं ढेकूळ हातात घेऊन असे खुलले होते की आम्हाला वाटलं, आता हे खातात की काय! भला माणूस. दरवर्षी अशा कोर्सला आलेल्या पोरांतून ते एकाला निवडत आणि दोन वर्षं तिथंच शिकायला ठेवून घेत. राहणं, खाणं, शिकणं, सगळं त्यांच्याकडं.

आणि यंदा मुलाखतीला आमच्या प्रज्ञाचं नाव लागलं होतं!

प्रज्ञा निलंग्याची. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. ही पोरगी वर्षभर मोबाईलवर जर्मन शिकत होती, बसमध्ये, जेवताना, कपडे धुताना. तिचं शेवटचं वर्ष, म्हणजे पुन्हा अशी संधी नाही. आम्ही निघालो त्या दिवशी तिचे वडील बसस्टँडवर आले. कामाचे कपडे अंगावर, हाताला ऑइल.

"सर, पोरगी तुमच्या हवाली," ते म्हणाले. "तुमच्या शब्दाबाहेर जायाची न्हाई." आणि तिला म्हणाले, "सर म्हनतील ती पूर्व दिशा. काय?"

"हाव, पप्पा," ती म्हणाली.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! असे पालक हवेत, असं मी गाडीत सगळ्यांना ऐकवलं. शिवाय एक नियमही सांगून टाकला, की माझ्या परवानगीशिवाय कुणी घोळका सोडायचा नाही.

पहिला आठवडा बरा गेला. म्हणजे मला बरं वाटत नव्हतं, पण ते मला इथंही वाटत नाही. दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी हान्स आमच्या वसतिगृहात जेवायला आले. आता लातूरचा माणूस बाहेरगावी शेंगदाण्याची चटणी नेणार नाही, असं कधी होईल का? मी डबा पुढं केला. त्यांनी बचकभर चटणी भातावर घेतली आणि एक मोठा चमचा तोंडात घातला.

लाल झाले. मग आणखी लाल झाले. खोकले, छातीवर हात ठेवला, डोळ्यांतून पाणी, आणि हातानंच 'बरं आहे, बरं आहे' करत ताट तसंच टाकून घरी गेले. मी पोरांना म्हणालो, "सवय नसते त्यांना." पण डब्याला झाकण लावताना मी दोनदा आत डोकावलो.

दुसऱ्या दिवशी अकराला प्रज्ञाची मुलाखत. आम्ही सगळे तासभर आधीच विभागात पोचलो. दारातून आत पाय टाकला आणि मी जागीच थिजलो.

समोर टेबल. टेबलावर पांढरा कपडा. त्यावर हान्सचा मोठा फोटो, चौकटीत बसवलेला. फोटोपुढं पांढरी फुलं. फुलांपुढं एक मेणबत्ती, जळणारी!

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं याचा अर्थ काय होतो? मी काय चुकीचं समजलो?

बाजूला त्यांची सेक्रेटरी उभी. काळे कपडे, डोळे लाल, नाकाला रुमाल. दोन-तीन माणसं कुजबुजत इकडून तिकडं जात होती. मी काही विचारायला तोंड उघडलं, तर तिनं ओठांवर बोट ठेवलं. झालं! आणखी काय पुरावा पाहिजे?

गेले हान्स! आणि कशानं गेले, ते त्या सबंध देशात फक्त मला माहीत होतं.

खोटं कशाला बोलू, मला पहिल्यांदा दुःख झालंच नाही. मला पोलीस दिसले. प्रयोगशाळेत चटणीचा डबा दिसला. 'लातूरच्या प्राध्यापकास अटक' अशी बातमी दिसली, माझ्या फोटोसकट. तिथं कुणाला काही विचारणं म्हणजे स्वतःच्या पायानं चौकीत जाणं. सेक्रेटरी प्रज्ञाच्या कानाशी काही सांगत होती, ते मी मध्येच तोडलं.

"चला," मी म्हणालो. "सगळे बाहेर. एक शब्द नाही."

"सर, पण..." प्रज्ञा म्हणाली.

"बाहेर!"

बाहेर येऊन मी पहिल्यांदा प्राचार्यांना फोन लावला. चटणीचं सोडून बाकी सगळं सांगितलं.

"अरारा!" प्राचार्य म्हणाले. "लई वाईट झालं हो! आपल्याकडं येऊन गेलेला माणूस. थांबा, मी इकडं बघतो काय करायचं ते."

मग मी पोरांना घेऊन नदीकाठी गेलो. तिथं झाडाखाली बाकडी होती. सगळ्यांचे मोबाईल बंद करायला लावले, दुखवटा म्हणून. पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघत होती. प्रज्ञा त्यांना चालता चालता हळू आवाजात काही सांगत होती. मला वाटलं, धीर देते आहे.

"उभे राहा," मी म्हणालो. उभे राहिले. दोन मिनिटं मान खाली. कुणी हललं नाही. शिस्त म्हणजे शिस्त!

"बसा." बसले. मी डोळे मिटले.

"आज शब्द मुके झाले आहेत..."

"सर," प्रज्ञाचा आवाज आला, "एक मिनिट बोलू का?"

"बाळ, अशा वेळी मध्ये बोलू नये," मी डोळे न उघडता म्हणालो आणि पुढं गेलो. हान्स आणि काळी माती. हान्स आणि मांजरा नदी. हान्स म्हणजे परदेशात जन्मलेला मराठवाड्याचा सुपुत्र! असा रंगलो की चटणी, पोलीस सगळं विसरलो.

"सर, अकरा वाजत आले. मुलाखत..."

"प्रज्ञा! जिथं घेणाराच राहिला नाही, तिथं कसली मुलाखत?"

"सर, पण ते तर..."

"खाली बस."

बसली. थोड्या वेळानं हुंदका ऐकू आला. मी डोळे किलकिले करून पाहिलं तर पोरगी ओंजळीत तोंड लपवून रडत होती. म्हटलं, बघा, किती जीव होता हिचा हान्सवर! "रडू नकोस बाळ," मी म्हणालो, "गेलेला माणूस परत येत नसतो." आणि त्या वाक्यावर मला आणखी पाऊण तासाचं भाषण सुचलं.

शेवटी 'त्यांच्या आत्म्याला शांती लाभो' म्हणून मी डोळे उघडले.

पोरांच्या मागं, सायकल झाडाला टेकवून, हेल्मेट हातात धरून, मान खाली घालून हान्स उभे होते.

माझी दातखीळ बसली! पळावं तर मागं नदी.

हान्स हळूच जवळ आले. माझा हात दोन्ही हातांत घेतला. "कोण गेलं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. "तुम्हाला फार दुःख झालेलं दिसतंय."

आता काय सांगायचं या माणसाला? तुम्हीच गेलात म्हणून?

"एक... जवळचे होते," मी म्हणालो.

आणि त्या भल्या माणसानं माझ्या पाठीवरून हात फिरवला हो! स्वतःच्या मरणाबद्दल त्यानं माझं सांत्वन केलं. म्हणाला, "म्हणून मुलगी आली नाही तर. आम्ही वाट पाहिली. मग मीच शोधत आलो."

तेवढ्यात त्यांच्या खिशात फोन वाजला. कोर्सचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यात तेही होते, हे मला आठवायला हवं होतं की नाही? प्राचार्यांनी संदेश टाकला होता. वर हान्सचा फोटो, चारी बाजूंनी काळी चौकट, दोन समया आणि खाली ठळक अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. शोकाकुल म्हणून सगळ्यात वर माझं नाव.

हान्सना मराठी वाचता येत नव्हतं, पण फोटो स्वतःचाच होता. फोन त्यांनी प्रज्ञापुढं धरला. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं, आणि डोळे पुसत सगळं जर्मनमध्ये सांगितलं. काहीही न गाळता.

हान्स हसले. इतके हसले की पुन्हा कालच्यासारखे खोकायला लागले आणि माझा जीव पुन्हा वर गेला. आज त्यांचा पासष्टावा वाढदिवस होता. तिथं वाढदिवसाला टेबलावर फुलं आणि मेणबत्ती ठेवतात म्हणे. सकाळी ते येताच त्यांना चकित करायचं म्हणून कुजबुज. सेक्रेटरीला फुलांची ॲलर्जी. आणि काळे कपडे तिचे ठेवणीतले!

हसू थांबल्यावर त्यांनी प्रज्ञाला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो. मघाशी त्या मॅडमनी सांगितलं होतं."

"मग तू बोलली का नाहीस?"

प्रज्ञा म्हणाली, "सर बोलत होते."

मी बाकीच्या पोरांकडं वळलो. "तुम्हाला पण माहीत होतं?"

सगळ्या माना हलल्या.

"मग जिवंत माणसासाठी दोन मिनिटं उभे कसे राहिलात रे?"

"तुम्ही उभं ऱ्हावा म्हनलात ना, सर."

अकरा पोरं, अकराच्या अकरा शहाणी, आणि त्यांना घेऊन जाणारा मी.

हान्सनी प्रज्ञाला एवढंच सांगितलं, की मुलाखत घेणारे दुसरे दोघं बाहेरगावचे होते, ते थांबून निघून गेले. वेळेवर आलेल्या दुसऱ्या कॉलेजच्या एका मुलाला जागा दिली गेली. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सायकल घेऊन गेले. आम्हाला वाढदिवसाला बोलावलं होतं. कुणी गेलं नाही.

मी प्राचार्यांना फोन केला. "सर, हान्स जिवंत आहेत."

प्राचार्य कळवळून म्हणाले, "असं कसं हो? मी तर कॉलेजला सुट्टी देऊन बसलो! पोरं गावाकडच्या बसमध्ये बसली बी. आता मानूस जित्ता हाय म्हणून नोटीस काढू काय? तुमी नक्की बघितलं का?"

"समोर उभे होते, सर."

"मग आता ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "ही श्रद्धांजली कवातरी लागलीच असती."

हसलात ना? हसा. इथपर्यंत सगळेच हसतात. परतीच्या प्रवासात प्रज्ञा माझ्या शेजारी बसली होती आणि तिनं मला तीनदा विचारलं, "सर, पाणी देऊ का?" यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला विमानात घास गिळवेना.

आल्यावर चार दिवसांनी मी निलंग्याला गेलो. म्हटलं, तोंडावर माफी मागायची. पदर पसरून म्हणतात तशी.

तर दारातच प्रज्ञाच्या वडिलांनी शाल आणि नारळ काढला! पोरीला परदेश दाखवून सुखरूप आणलं म्हणून माझा सत्कार. मी नको नको म्हणतोय, ते शाल खांद्यावर टाकतायत. शेवटी सगळं सांगितलं. टेबल, फोटो, मेणबत्ती, नदीकाठ, हातातून गेलेली दोन वर्षं.

त्यांनी माझ्या खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली. मग म्हणाले, "असू द्या, सर. तुमी केलं म्हंजी काही इचार करूनच केलं असंल."

आता सांगा, या माणसापुढं काय करावं? मला रडू आलं. मी उठून उभा राहिलो. शाल खांद्यावर, नारळ हातात. डोळे मिटले.

"नाही," मी म्हणालो, "आज माझे शब्द मुके झाले आहेत. एका गुणी मुलीचं तोंड मी दाबलं. तिला बोलू दिलं नाही, याची खंत मला..."

"सर," प्रज्ञाचा आवाज आला, "मला त्याबद्दल एक बोलायचं होतं..."

"थांब, प्रज्ञा," मी म्हणालो. "मध्ये बोलू नकोस. मी माफी मागतोय ना!"

"गप गं," तिचे वडील म्हणाले. "सर बोलायलेत."

आणि ती पुन्हा गप्प बसली.