मिलिंदचं रुंद रस्त्याचं कार्ड

रेवा, हे अशी माझ्याजवळ बसल्यासारखी वाच गं, उभ्या उभ्या नको. काल फोनवर म्हणालीस, "खोक्यावर बारा जीबी लिहिलंय, मागवूनच टाकते." ही कसली घाई? ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय कलिंगड आहे, मोठं दिसलं की उचललं? आमचा मिलिंद असता तर तुला चांगलंच फैलावर घेतलं असतं. तू त्याला पाहिलं नाहीस, म्हणून सांगते.

लोणावळ्याच्या बाजारात जिन्याखाली त्याचं कम्प्युटरच्या सामानाचं दुकान होतं. मूळचा सुदुंबऱ्याचा, कारखान्यातली नोकरी सोडून आलेला. दुकानात स्टूल एकच, तेही गिऱ्हाइकाला. हा सदा उभा. बोलता बोलता पायरीवर जाऊन येणार, स्क्रूड्रायव्हर या खिशातून त्या खिशात घालणार. चहा गार झाल्याशिवाय तो कधी प्यायलाच नाही. मी म्हणायची, "अरे, बूड टेक जरा." तर म्हणे, "मावशी, बसलो की डोकं बंद पडतं माजं."

आमची सून सुजाता ऑफिस सोडून घरी कम्प्युटरवर बंगल्यांच्या आतल्या सजावटीची चित्रं करायला लागली, तेव्हा कार्ड घ्यायला आम्ही दोघी त्याच्याकडे गेलो. पहिलंच स्वतःचं काम मिळालेलं. ते हातचं गेलं तर पुन्हा नोकरी शोधायची, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

किंमत जवळपास सारखी, अशी दोन कार्डं त्यानं काढली. एकात मेमरी आठ जीबी, पण बस एकशे अठ्ठावीस बिटची. दुसऱ्यात मेमरी सहाच, बस मात्र एकशे ब्याण्णवची. "मेमरी म्हंजे खोली, बस म्हंजे तितं जायाचा रस्ता," तो म्हणाला. "आपल्या लोणावळ्यात बघा, हाटेलात खोल्या वाढल्या, रस्ता त्योच. रविवारी काय व्हतं? स्वस्तात द्यायचं म्हनून कंपनी कुटंतरी कात्री लावनारच. तुमी रुंद रस्त्याचं घ्या." आम्ही सहा जीबीचं घेतलं.

शुक्रवारी सुजाताची बंगल्याची मांडणी पूर्ण झाली. सोफे, झुंबर, बाहेरची झाडं, सगळं. त्याचं पक्कं चित्र काढायचं शेवटचं बटण दाबलं की प्रोग्रॅम बंद! पाच वेळा केलं, पाचही वेळा बंद. बंगल्याचा मालक रविवारी बघायला येणार. पोरीचा चेहरा एवढासा झाला.

मी मिलिंदला बोलावलं. त्यानं पडद्यावर मेमरीची पट्टी काठोकाठ भरताना बघितली आणि कपाळावर हात मारला. "सुजाताताई, माजं चुकलं. माजी गिऱ्हाइकं सगळी गेम खेळनारी पोरं. त्यास्नी वेग लागतो. तुमचं सामान तर खोलीतच मावंना, तितं रुंद रस्ता काय चाटायचाय? तुमाला काम काय करायचंय, ते इचारलंच न्हाई मी."

आठ जीबीचं कार्ड तोवर विकलं गेलं होतं. शनिवारी सकाळी तो मोटारसायकलवर तळेगावला गेला, तिथं मिळालं नाही म्हणून पुढे गेला, आणि दुपारी तसलंच कार्ड घेऊन आला. बसवलं. चित्र सुरू झालं. मग चार तास आमच्या अंगणात येरझाऱ्या. मध्येच खिडकीतून हाक, "बंद पडलं का?"

"नाही हो भाऊ, हळू चाललंय."

"हळू चालू द्या. चालतंय न्हवं?"

संध्याकाळी बंगला पडद्यावर उभा राहिला. रविवारी मालकानं स्वयंपाकघराचा रंग तेवढा बदलायला सांगितला आणि काम पक्कं केलं.

त्यानंतर दुकानात कुणीही आलं की मिलिंदचा पहिला प्रश्न, "काम काय करनार?" एका कॉलेजच्या पोरानं चिडवलं, "काका, लग्नाची सोयरीक आहे का?" हा म्हणाला, "व्हय, चार-पाच वर्सं नांदायचंय तुला तिच्यासंगं."

गेल्या थंडीत तो गेला. छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. आता त्या जिन्याखाली चिक्कीचं दुकान आहे.

तर बाई, रस्ता आणि खोली, दोन्हींतलं तुला काय जास्त लागणार, ते तुझ्या कामावर आहे. तुझं काम काय ते मला धड कळलेलं नाही, आणि फोनवर तू नुसती हो-हो करतेस. सुजाता आहे घरी, ती विचारून सांगेल. मागवायच्या आधी एकदा आमच्या घरी वलवणला ये, लवकर ये.