कय्यूम नालबंदाची पहिली घोडी

मूल गावच्या बाजारात कय्यूमभाई नालबंदांचं दुकान म्हणजे एक कडुनिंबाचं झाड, एक ऐरण आणि झाडाला ठोकलेली पत्र्याची पाटी. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'घोडा' आणि खाली, जागा उरली म्हणून लिहावं तसं, 'व बैल'. खरं तर तीस वर्षांत त्या झाडाखाली घोडा आलाच नव्हता. आमच्याकडे घोडा दिसायचा तो एखाद्या फौजदाराच्या बुडाखाली, आणि तो नाल ठोकून घ्यायला जिल्ह्याच्या गावी, चांद्याला जायचा. कय्यूमभाई जन्मभर बैलांच्या खुरांना पत्र्या मारत आले होते. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक असावं, पण कबुली मात्र नव्हती.

मी समोरच्या गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. त्यामुळे त्यांच्या आजोबांची कहाणी मला रोज फुकट ऐकायला मिळे. आजोबांनी म्हणे कामठीच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, पाचशे घोडे नालले. एका उन्हाळ्यात पाचशेचे सातशे झाले. मी हटकलं तर म्हणाले, "मंग बाकीचे तू मोजाले गेला होता काय बे?"

त्यांची कामाची रीत एकच. बैलाच्या पायांत दोर अडकवायचा, चार माणसांनी ओढून त्याला आडवा पाडायचा, चारही पाय एकत्र बांधायचे, एकानं मानेवर बसायचं आणि कय्यूमभाईंनी ठोकाठोकी उरकायची. बैल उठून उभा राही तेव्हा त्याच्या तोंडावर 'हे काय झालं' असा भाव असे. जनावराला विचारून काही करायची पद्धत त्या झाडाखाली नव्हती.

पंचावन्न सालच्या पौषात कय्यूमभाई मुखरूच्या गावच्या बैलांना पत्र्या मारून परत येत होते. मुखरू हा धानाचा शेतकरी, त्यांचा जुना दोस्त आणि जुना टीकाकार. गाडी त्याचीच होती आणि हाकतही तोच होता. सागाच्या रोपांना नवं काटेरी तारेचं कुंपण घातलं होतं, त्यात एक लाल घोडी अडकून पडलेली दिसली. लाकडाच्या एका ठेकेदाराची होती ती. रानडुकरांना भिऊन उधळली आणि सरळ तारेत घुसली. मागचा उजवा पाय गुडघ्याखाली सोलून निघाला होता आणि फाटक्या वहाणेच्या तळासारखी कातडी लोंबत होती. टाचेकडून खूरही चिरला होता. कय्यूमभाईंनी खिळे उपटायच्या पकडीनं तार तोडली. तोवर ठेकेदार आला, पाय पाहिला आणि म्हणाला, "बंदूक आणवतो."

"गोळी कायले वाया घालवता जी," कय्यूमभाई म्हणाले. "मले द्या."

मुखरूनं विचारलं, "तुमी काय कराल घोडीचं?"

"माह्या आजोबानं..."

"आजोबा राहू द्या. तुमी काय कराल?"

कय्यूमभाईंनी घोडीच्या गळ्यात दोर बांधला. दोन कोस ती घोडी तीन पायांवर आली. हे दोघं तिच्या चालीनं चालत आले आणि गाडी रिकामी मागून आली.

घरी हाजराभाभींनी घोडी पाहिली, मग नवऱ्याला पाहिलं. "ही कोन?"

"बेगम," कय्यूमभाई म्हणाले. वाटेत नावही ठेवून झालं होतं.

"एक बेगम होती घरात ते पुरली नाई वाटते!" भाभी म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या घोडीला 'सवत' म्हणू लागल्या, आणि चार दिवसांत सगळं मूल गाव तिला सवत म्हणू लागलं. कय्यूमभाई एकटेच बेगम म्हणत राहिले. पण शिव्या देता देता भाभींनी कण्या शिजवल्या, गूळ घातला आणि सवतीपुढे ठेवल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आता यापुढचं सांगताना मला माझीच लाज वाटते. डॉक्टरसाहेब दौऱ्यावर होते. मी त्यांना तार केली आणि जखम धुवायला लाल औषध घेऊन झाडाखाली गेलो. घोडी पायाला हात लावू देईना. कय्यूमभाई म्हणाले, "पाडू."

घोडा बैलासारखा पाडत नाहीत, एवढं मला कळायला हवं होतं. सरकार मला त्याचाच पगार देत होतं. पण कय्यूमभाईंच्या आवाजात सातशे घोड्यांचा भरवसा होता, आणि दोराचं एक टोक मी माझ्या हातात घेतलं. घोडी पडली. पडता पडता तिनं जी झटापट केली, ती आठवली की अजून अंगावर काटा येतो. जखम वीतभर आणखी उघडली. दोर सोडले तरी ती उठेना, मान मातीत टाकून नुसती आमच्याकडे पाहत राहिली.

भाभी धावत आल्या. "बैल हाय काय ते? एवढा मोठा रिसालेवाला, अन् तिले इचारलं काऊन नाई?"

कय्यूमभाईंनी दोर गुंडाळून ठेवला. त्यांच्या ऐरणीच्या आवाजापेक्षा त्यांचा गप्पपणा बाजारात जास्त ऐकू येत होता. भाभी घोडीच्या मानेशी बसून होत्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कधीतरी त्यांच्याच हाताला टेकून ती उठली.

डॉक्टरसाहेब नागभीडकडून गाडीनं आले. धनुर्वाताचं इंजेक्शन त्यांनी मानेत दिलं, ते भाभींनी तोंड धरलं म्हणून जमलं. मेलेली कातडी लोंबत होती ती आपोआप गळेल म्हणाले. जखम रोज दोन वेळ धुवा, माशी बसू देऊ नका. "तीन आठवड्यांनी येईन. तोवर पाय टेकला नाही तर हाल करण्यात अर्थ नाही, मीच तिला सोडवीन." मग दोराकडे पाहून म्हणाले, "आणि पुन्हा पाडली, तर दुसरी सुई तुम्हाला."

पण धुवायची कशी? कय्यूमभाईंना पाहिलं की ती अंग चोरायची आणि मागचा चांगला पायही उगारायची. भाभींनी तोंडाशी राहायचं ठरलं, म्हणजे जखमेशी कय्यूमभाईंनाच जावं लागणार. तेव्हा भाभी परसातून एक लांब बांबू घेऊन आल्या. तो उभा चिरलेला, आतल्या गाठी फोडलेला. धानाच्या एका बांधीतून, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यातून, पाणी पुढच्या बांधीत न्यावं तसं, कय्यूमभाईंनी दहा हातांवर उभं राहून एका टोकाला कडुनिंबाचं कोमट पाणी ओतायचं, दुसऱ्या टोकानं ते पायावर पडेल. आधी एक दिवस भाभींनी बांबूवर कोंडा ठेवून घोडीला तो चाटायला दिला, म्हणजे बांबू पाहून ती बुजू नये.

पाणी पायावर पडलं. घोडी थरथरली, पण उभी राहिली.

"उद्या एक वीत कापजा," भाभी म्हणाल्या. "रोज एक वीत."

आणि कय्यूमभाईंनी खरोखर रोज वीतभर बांबू कापला. मूलच्या बाजाराला दुसरा उद्योग उरला नाही. तांदळाच्या गिरणीतली माणसं जेवणाच्या सुट्टीत येऊन विचारत, "आज किती हात?" जणू कोणी विहीर खणत होतं. आठ हातांवर कय्यूमभाईंचा आवाज परत आला. सहा हातांवर आजोबा परत आले. बांबूची ही युक्ती म्हणे रिसाल्यातलीच, आजोबा असंच करायचे! मी भाभींकडे पाहिलं. त्या कण्या ढवळत होत्या. म्हणाल्या, "असंन बापा. आजोबांच्या परसातबी बांबू असंन." मला राग आला होता, पण ज्यांनी रागवायचं त्याच राग गिळतात तिथं मी काय बोलणार?

चार हातांवर मात्र गंमत झाली. कय्यूमभाई पाणी घालता घालता घोडीशी बोलू लागले. आधी खाकरले, आजूबाजूला पाहिलं आणि मग हळूच म्हणाले, "बेगम, आता टाकून राह्यलो बरं का. गरम नाई." तीस वर्षं बैलांच्या मानेवर माणसं बसवणारा हा गडी! मुखरू माझ्या कानात म्हणाला, "लगनात बायकोले एवढं इचारलं असतं, तं सवत तरी घरी नसती आली."

विसाव्या दिवशी बांबू संपला. कय्यूमभाई घोडीच्या मानेवरून हात फिरवत पाठीवर आले, पाठीवरून मांडीवर, मांडीवरून खाली. जखमेवर गुलाबी कातडी धरली होती. त्यांनी बोटांनी नुसतं सुचवलं आणि घोडीनं पाय उचलून त्यांच्या मांडीवर दिला. खाली ठेवला तेव्हा त्यावर भार टाकला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, घोडी बुजली असती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेब आले. पाय पाहून खूश झाले, पण खूर दाबून पाहताच गंभीर झाले. टाचेची चीर चालताना उघडत राहील, म्हणाले. मागून आडवी पट्टी असलेला नाल हवा. "खिळा एक केसभर आत गेला तर जिवंत मांसात जाईल, पाय सडेल, आणि तीन आठवडे पाण्यात. पण चिंता नाही, इथं तर घोड्यांचाच नालबंद आहे." असं म्हणून त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं.

बाजाराचा दिवस होता. बघता बघता झाडाभोवती कडं पडलं. कय्यूमभाईंनी ऐरणीवर तसा नाल घडवला आणि घोडीचा पाय मांडीवर घेतला. हातोडी घेतली. खिळा दातांत धरला, मग हातात घेतला, मग खुराच्या कडेला लावून पाहिला. बैलाला पत्री ठोकतात तसा नालही ठोकता आला असता. लागला असता नीट, तर सातशे घोड्यांत एक आणखी जमा. मला वाटलं ठोकणारच. मनातून मी घाबरलो होतो आणि दोराच्या वेळेसारखाच गप्प होतो.

त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"साहेब, मले नाई येत," ते म्हणाले. "म्या उभ्या जन्मात घोड्याले नाल ठोकला नाई. आजोबानं ठोकले, तेबी पाचशे नाई. मले पाठवा चांद्याले, मी कोनाले घेऊन येतो."

कड्यातून मुखरू म्हणाला, "आमाले माहीत हाय बावा, तीस वर्सापासून. फक्त घोडीले माहीत नोतं."

कय्यूमभाई दुपारच्या गाडीनं गेले आणि दुसऱ्या सकाळी चांद्याहून बाबूभाई नालबंदांना घेऊन आले. सत्तरीचा, कमरेत वाकलेला माणूस, पण हात पाहावेत. त्यांनी पाय धरायला हात घातला तर घोडीनं त्यांना पार ऐरणीपर्यंत मागं रेटलं. तेव्हा कय्यूमभाई वाकून उभे राहिले, मानेपासून हात फिरवत खाली गेले, आणि पाय त्यांच्या मांडीवर आला. बाबूभाई ठोकत होते, कय्यूमभाई धरून होते. भाभी तोंडाशी. सगळे खिळे बसेपर्यंत घोडीनं कान हलवला तेवढाच.

बाबूभाईंनी खिळ्यांची टोकं घासली आणि घाम पुसत म्हणाले, "असा पाय धरनारा म्या रिसाल्यातबी नाई पाहिला. कोनाजवळ शिकले, मियां?"

आता आजोबा येणार म्हणून आम्ही सगळे कान टवकारून बसलो.

"हिच्याजवळ," कय्यूमभाई म्हणाले आणि सरळ हाजराभाभींकडे हात केला. "माह्या बायकोजवळ. बांबूबी तिचाच होता. मी लोकाइले खोटं सांगितलं."

भाभींनी पदर डोक्यावर ओढला. चाळीस माणसं त्यांच्याकडे पाहत होती. "चहा टाकते," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

चहा बराच वेळ आला नाही. आम्ही कोणी मागितलाही नाही.